व्हेंटिलेटर फुफ्फुस बरं करत नाही, मग करतं कोण? एआरडीएसमध्ये अस्तरपेशींचं काय होतं?

२०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत महाराष्ट्रातल्या घराघरांत एकच प्रश्न विचारला जात होता, 'सॅच्युरेशन किती आलं?' बोटाला लावायचा ऑक्सिमीटर तेव्हा थर्मामीटरइतकाच ओळखीचा झाला होता.

त्या दिवसांत अनेक कुटुंबांना एक गोष्ट कळत नव्हती. धावपळ करून बेड मिळाला, ऑक्सिजन सुरू झाला, पुढे व्हेंटिलेटरही लागला, तरी काही रुग्णांची लेव्हल वर येत नव्हती. ऑक्सिजन नाकातोंडातून आत जातोय, मग तो रक्तात का पोहोचत नाही?

याचं उत्तर फुफ्फुसाच्या सगळ्यात आतल्या भागात आहे. तिथे पेशींचा एक अतिशय पातळ थर असतो. तो शाबूत असेपर्यंत कुणाला त्याची आठवणही येत नाही. तो खचला, की काही तासांत किंवा दिवसांत श्वास अपुरा पडायला लागतो. आणि रुग्ण त्यातून बाहेर येणार का, हेसुद्धा बऱ्याच अंशी या पेशी पुन्हा उभ्या राहतात का यावर ठरतं.

एआरडीएस म्हणजे काय?

पूर्ण नाव 'ॲक्युट रेस्पिरेटरी डिस्ट्रेस सिंड्रोम'. हा एक स्वतंत्र आजार नाही. वेगवेगळ्या आजारांमुळे फुफ्फुसं अचानक निकामी व्हायला लागतात, त्या अवस्थेचं हे नाव आहे.

१९६७ साली अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरातल्या डॉक्टरांनी 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात १२ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. कुणाचा अपघात झाला होता, कुणाला विषाणूसंसर्ग होता, एकाला स्वादुपिंडाची सूज होती. कारणं वेगळी, पण फुफ्फुसांची अवस्था सारखीच. ती कडक झाली होती आणि ऑक्सिजन देऊनही फारसा फरक पडत नव्हता. १२ पैकी ७ जण दगावले.

आज डॉक्टर साधारण चार गोष्टी बघतात. मूळ आजारानंतर आठवड्याभरात त्रास सुरू झालाय का, एक्स-रेमध्ये दोन्ही फुफ्फुसांत पांढरे डाग दिसतात का, रक्तातला ऑक्सिजन ठरावीक पातळीपेक्षा कमी आहे का, आणि हे सगळं फक्त हृदय कमजोर झाल्यामुळे तर होत नाहीये ना.

हा प्रकार दुर्मीळ नाही. २०१६ साली ५० देशांतल्या ४५९ आयसीयूंचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. आयसीयूत दाखल होणाऱ्या दर १० रुग्णांपैकी साधारण एकाला एआरडीएस होता आणि त्यातले सुमारे ४० टक्के रुग्ण हॉस्पिटलमध्येच दगावले. आणखी एक गोष्ट समोर आली. एआरडीएसच्या सुमारे ४० टक्के रुग्णांमध्ये डॉक्टरांना तो ओळखताच आला नव्हता.

श्वासाचा शेवटचा थांबा

आपण घेतलेली हवा श्वासनलिकेतून पुढे बारीक बारीक फांद्यांमध्ये जाते आणि शेवटी वायुकोशांत पोहोचते. वायुकोश म्हणजे हवेचे इवलेसे फुगे. मोठ्या माणसाच्या दोन्ही फुफ्फुसांत मिळून ते सरासरी ४८ कोटींच्या आसपास असतात. ते सगळे उलगडून पसरले, तर शहरातला एखादा टू-बीएचके फ्लॅट सहज झाकला जाईल.

प्रत्येक फुग्याला बाहेरून बारीक रक्तवाहिन्यांची जाळी लपेटलेली असते. फुग्यातली हवा आणि वाहिनीतलं रक्त यांच्यामध्ये जागोजागी मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही पातळ पडदा असतो. त्यातूनच ऑक्सिजन रक्तात जातो आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर येतो.

या पडद्याला दोन बाजू आहेत. रक्ताच्या बाजूला रक्तवाहिनीच्या अस्तरपेशी आणि हवेच्या बाजूला फुफ्फुसाच्या अस्तरपेशी. रक्तवाहिनीची बाजू थोडी झिरपणारी असते. हवेची बाजू मात्र घट्ट बांधलेली असते. त्यामुळे रक्तवाहिनीतून थोडं पाणी झिरपलं तरी ते फुग्यात शिरत नाही. हवेच्या बाजूचं हे अस्तर म्हणजे फुफ्फुसाचं वॉटरप्रूफिंग.

दोन प्रकारच्या पेशी, कामं मात्र चार

फुफ्फुसाच्या अस्तरात मुख्यतः दोन प्रकारच्या पेशी असतात.

'टाइप वन' पेशी पोळीसारख्या पसरट आणि पातळ असतात. वायुकोशाचा सुमारे ९५ टक्के पृष्ठभाग त्याच झाकतात. हवेची देवाणघेवाण त्यांच्यातून होते. पण त्या नाजूक असतात आणि इजा झाली की लवकर मरतात.

'टाइप टू' पेशी छोट्या आणि गुबगुबीत असतात. संख्येनं त्या टाइप वनपेक्षा जास्त, पण जागा व्यापतात जेमतेम ५ टक्के. कामं मात्र ढीगभर करतात.

दोघींचा मिळून विचार केला, तर अस्तराची चार कामं दिसतात:

• भिंत: शेजारच्या पेशी एकमेकींना घट्ट धरून ठेवतात. रक्तातलं पाणी आणि प्रथिनं आत येऊ देत नाहीत.

• पंप: वायुकोशात साचलेलं पाणी बाहेर काढतात. पेशी आधी सोडियम उचलून पलीकडे टाकतात, त्याच्यामागे पाणीही निघून जातं.

• साबण: टाइप टू पेशी 'सर्फॅक्टंट' नावाचा स्निग्ध पदार्थ तयार करतात. प्लास्टिकची ओली पिशवी आतून कशी चिकटून बसते, ते आठवा. पाण्याच्या पृष्ठताणामुळे वायुकोशही तसेच मिटले असते. सर्फॅक्टंट हा ताण कमी करतं, म्हणून श्वास सोडल्यावरही फुगे उघडे राहतात.

• दुरुस्ती: टाइप वन पेशी मेल्या, की टाइप टू पेशी विभागून वाढतात, पसरट होतात आणि त्यांची जागा घेतात.

एआरडीएसमध्ये ही चारही कामं एकाच वेळी कोलमडतात.

भिंत पडते तेव्हा

हल्ला दोन बाजूंनी होऊ शकतो. न्यूमोनिया, फ्लू, कोव्हिड, विषारी धूर किंवा उलटी श्वासनलिकेत जाणं, या प्रकारांत पहिला मार थेट हवेच्या बाजूच्या अस्तराला बसतो. रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग म्हणजे सेप्सिस, स्वादुपिंडाची सूज किंवा मोठा अपघात, यांत सुरुवात रक्ताच्या बाजूनं होते.

पण नुसती रक्ताची बाजू गळायला लागली आणि हवेचं अस्तर टिकलं, तर वायुकोश बऱ्यापैकी वाचतात. पावसाळ्यात इमारतीच्या तळघराच्या भिंतीला बाहेरून कितीही ओल आली, तरी आतलं वॉटरप्रूफिंग चांगलं असेल आणि पंप चालू असेल तर गाड्या बुडत नाहीत. अस्तर फाटलं, की पूर येतो.

फाटलेल्या जागेतून नुसतं पाणी येत नाही. रक्तातली प्रथिनंही येतात आणि सर्फॅक्टंटचं काम बिघडवतात. मेलेल्या पेशी आणि प्रथिनं मिळून वायुकोशाच्या आत एक चिकट थर बसतो. १९६७ मध्ये दगावलेल्या रुग्णांच्या शवविच्छेदनात डॉक्टरांना हाच थर दिसला होता.

आता साबण नाही, त्यामुळे काही फुगे मिटतात. काही पाण्यानं भरतात. आणि पंप? तोही मंदावतो. रक्तातला ऑक्सिजन कमी झाला किंवा कार्बन डायऑक्साइड वाढला, तर पेशींचे सोडियम पंप आणखी हळू चालतात. म्हणजे पाण्यामुळे ऑक्सिजन कमी, आणि ऑक्सिजन कमी म्हणून पाणी उपसणंही कमी.

लॉरेन वेअर आणि मायकल मॅथे या अमेरिकन डॉक्टरांनी २००१ मध्ये ७९ रुग्णांच्या फुफ्फुसातलं पाणी तपासलं. निम्म्याहून जास्त रुग्णांत पाणी उपसण्याची क्षमता जवळपास बंद पडली होती. ज्यांच्या पेशी वेगानं पाणी काढू शकत होत्या, त्यांची जगण्याची शक्यता जास्त होती.

मग ऑक्सिजन देऊनही लेव्हल का वाढत नाही?

पाण्यानं भरलेल्या किंवा मिटलेल्या फुग्यात हवा पोहोचतच नाही. पण त्याच्या भोवतालच्या वाहिन्यांतून रक्त वाहतच राहतं. हे रक्त ऑक्सिजन न घेता तसंच हृदयाकडे परत जातं आणि चांगल्या रक्तात मिसळतं.

अशा वेळी शंभर टक्के शुद्ध ऑक्सिजन दिला तरी तो फक्त उघड्या फुग्यांपर्यंत जातो. तिथलं रक्त आधीच ऑक्सिजननं जवळपास भरलेलं असतं. त्यामुळे बंद फुगे उघडेपर्यंत लेव्हल फारशी हलत नाही. ऑक्सिजन गरजेचा असतोच, पण तो एकटा पुरत नाही.

अस्तरपेशी फक्त बळी नसतात

मार खाणाऱ्या अस्तरपेशी गप्प बसत नाहीत. त्या धोक्याचे रासायनिक संदेश सोडतात. ते ऐकून रक्तातल्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी धावून येतात आणि अस्तराच्या फटींतून वायुकोशात शिरतात.

जंतू मारायला त्या लागतातच. पण त्यांच्याकडची तीव्र रसायनं चांगल्या पेशींनाही जाळतात. मग आणखी अस्तरपेशी मरतात, त्यांच्यातून बाहेर पडलेला मालमसाला आणखी दाह वाढवतो. जंतू नियंत्रणात आल्यावरही काही रुग्णांची तब्येत ढासळत राहते, त्यामागचं एक मोठं कारण हे चक्र असतं.

कोव्हिडनं या व्यवस्थेच्या वर्मावरच घाव घातला. विषाणू ज्या 'एसीई-२' नावाच्या कुलपातून पेशीत शिरतो, ते फुफ्फुसात टाइप टू पेशींवर असतं. म्हणजे साबण बनवणारी आणि दुरुस्ती करणारी पेशीच विषाणूच्या तावडीत सापडली. २०२० मध्ये ब्रिटनमधल्या रिकव्हरी चाचणीत डेक्सामेथासोन या स्वस्त स्टेरॉइडमुळे व्हेंटिलेटरवरच्या कोव्हिड रुग्णांमधले मृत्यू सुमारे एक तृतीयांशानं कमी झाले. त्यानं विषाणू मरत नव्हता, भडकलेला दाह शमत होता.

पेशींना औषधच का देत नाहीत?

हा प्रश्न शास्त्रज्ञांनाही पडला. पंप, साबण आणि दुरुस्ती, तिन्हींसाठी प्रयत्न झाले.

साबण बाहेरून देऊन पाहिला. वेळेआधी जन्मलेल्या बाळांत हा उपाय कमालीचा यशस्वी ठरला होता. अशा बाळांच्या टाइप टू पेशी पूर्ण तयार नसतात. १९५९ साली मेरी एलन एव्हरी आणि जेर मीड यांनी दाखवलं, की या बाळांच्या फुफ्फुसात सर्फॅक्टंटच कमी असतं. १९६३ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांचं नवजात बाळ याच त्रासानं जन्मानंतर ३९ तासांत दगावलं. १९८० मध्ये जपानच्या तेत्सुरो फुजिवारा यांनी १० बाळांना सर्फॅक्टंट दिल्याचं प्रसिद्ध केलं आणि चित्र पालटायला लागलं. एआरडीएस झालेल्या मोठ्यांमध्ये मात्र त्यानं मृत्यू कमी झाले नाहीत. बाळाकडे फक्त साबण कमी असतो. मोठ्या रुग्णाची भिंतही पडलेली असते, त्यामुळे बाहेरून दिलेला साबणही गळणारी प्रथिनं निकामी करतात.

पंपाला जोर देऊन पाहिला. दम्यासाठी वापरलं जाणारं साल्ब्युटामॉल पेशींचा पंप वेगानं चालवतं, असं प्रयोगांत दिसलं होतं. ब्रिटनमध्ये एआरडीएसच्या ३२६ रुग्णांवर चाचणी झाली. २०१२ मध्ये आलेला निकाल धक्कादायक होता. शिरेतून औषध दिलेल्यांपैकी ३४ टक्के रुग्ण २८ दिवसांत दगावले, न दिलेल्यांपैकी २३ टक्के. चाचणी मध्येच थांबवावी लागली. (दम्यासाठी इनहेलर घेणाऱ्यांनी यामुळे घाबरून तो बंद करू नये. इथे औषध शिरेतून, सलग आणि अत्यवस्थ रुग्णांना दिलं होतं.)

दुरुस्ती वाढवून पाहिली. टाइप टू पेशींना वाढायला लावणारं एक प्रथिन उत्तर आयर्लंडमधल्या छोट्या चाचणीत दिलं गेलं. त्याचाही फायदा झाला नाही.

म्हणजे घायाळ पेशीला बाहेरून चाबूक मारून कामाला लावता येत नाही. तिला वेळ द्यावा लागतो.

हा वेळ व्हेंटिलेटर देतो

व्हेंटिलेटर अस्तर शिवत नाही. तो फक्त रुग्णाला तगवून ठेवतो, तोपर्यंत पेशींनी आपलं काम करायचं असतं. आणि नीट वापरला नाही, तर तोच पेशींना इजा करतो.

एआरडीएसमध्ये मोठ्या माणसाच्या फुफ्फुसाचा हवा घेऊ शकणारा भाग पाच-सहा वर्षांच्या मुलाच्या फुफ्फुसाएवढाच उरू शकतो. त्यात मोठ्या माणसाएवढी हवा भरली, तर उरलेसुरले चांगले फुगे ताणले जातात आणि त्यांचं अस्तर फाटतं.

२००० साली अमेरिकेत ८६१ रुग्णांवर झालेल्या चाचणीनं हे सिद्ध केलं. एका गटाला उंचीनुसार काढलेल्या वजनाच्या दर किलोला १२ मिलिलिटर हवा दिली, दुसऱ्याला फक्त ६. पहिल्या गटात सुमारे ४० टक्के मृत्यू झाले, दुसऱ्यात ३१ टक्के. कुठलंही नवं औषध नव्हतं. फक्त श्वास छोटा केला होता.

रुग्णाला पालथं झोपवण्यामागेही हाच विचार आहे. उताणं झोपल्यावर हृदयाचा आणि सुजलेल्या फुफ्फुसाचा भार पाठीकडच्या भागावर येतो आणि तिथले फुगे दबतात. पालथं केल्यावर ते उघडतात आणि ताण सगळीकडे सारखा वाटला जातो. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, मुख्यतः फ्रान्समधल्या ४६६ गंभीर रुग्णांच्या चाचणीत दररोज किमान १६ तास पालथं ठेवायचं ठरलं होतं. त्या गटात २८ दिवसांत १६ टक्के मृत्यू झाले, उताण्या गटात जवळपास ३३ टक्के.

दुरुस्ती कुठे अडते?

सगळं जुळून आलं तर टाइप टू पेशी वाढतात, फाटलेलं अस्तर झाकतात, पाणी उपसलं जातं आणि एक्स-रे हळूहळू स्वच्छ होतो.

पण कधीकधी गाडी मध्येच अडकते. २०२० मध्ये वेगवेगळ्या प्रयोगशाळांना उंदरांमध्ये टाइप टू आणि टाइप वन यांच्या मधली एक अवस्था सापडली. पुढे कोव्हिडनं दगावलेल्यांच्या फुफ्फुसातही अशा अर्धवट बदललेल्या पेशी दिसल्या. त्या टाइप टूही नसतात आणि धड टाइप वनही होत नाहीत. अस्तर पूर्ण होत नाही, तशी तिथे व्रणाची जाड ऊती साठायला लागते. यालाच आपल्याकडे 'फायब्रोसिस झालं' म्हणतात.

सुदैवानं सगळ्यांचं असं होत नाही. कॅनडातल्या टोरांटोमध्ये एआरडीएसमधून वाचलेल्या १०९ जणांचा पाठपुरावा झाला. वर्षभरात बहुतेकांची फुफ्फुसं सामान्याच्या जवळ आली होती. त्रास उरला होता तो स्नायूंच्या अशक्तपणाचा. त्यामुळे घरी आलेला माणूस अनेक महिने थकलेला असेल, तर तो आळस नसतो.

आपण काय लक्षात ठेवायचं?

आपल्याकडे कोव्हिडशिवायही एआरडीएसपर्यंत नेणारे आजार आहेत. स्वाइन फ्लू, मलेरिया, पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिस, विदर्भात आढळणारा स्क्रब टायफस. यातल्या अनेकांवर औषधं आहेत. ती वेळेत मिळाली तर अस्तरापर्यंत आग पोहोचण्याआधीच विझवता येते. म्हणून तापात अंगावर काढलेले दोन दिवस महागात पडू शकतात.

• ताप किंवा खोकल्यासोबत धाप लागत असेल, ओठ निळसर दिसत असतील, माणूस गोंधळल्यासारखा बोलत असेल, तर थेट हॉस्पिटल गाठा.

• मोठ्या माणसाचे शांत बसलेले असताना मिनिटाला २४ पेक्षा जास्त श्वास होत असतील किंवा ऑक्सिमीटरवर ९३ किंवा त्याहून कमी आकडा येत असेल, तर वाट बघू नका. आकडा बरा असूनही दम लागत असेल, तरी डॉक्टरांना दाखवा.

• कापूर-ओव्याची पुरचुंडी हुंगून लेव्हल वाढते, असे मेसेज २०२१ मध्ये खूप फिरले. नाक मोकळं वाटणं वेगळं आणि पाण्यानं भरलेले वायुकोश उघडणं वेगळं. वाफेनंही ते उघडत नाहीत.

• पालथं झोपणं हा हॉस्पिटलला पर्याय नाही. बेड मिळेपर्यंतचा तो आधार आहे.

• रुग्ण आयसीयूत असेल तर 'व्हेंटिलेटर कधी निघणार?' एवढंच विचारू नका. 'मूळ कारण सापडलं का, त्यावर उपचार सुरू झाले का?' हेही विचारा. कारण थांबलं, तरच पेशींना दुरुस्तीची संधी मिळते.

आयसीयूबाहेर बसलेल्या नातेवाइकांना 'आज तब्येत आहे तशीच आहे' हे वाक्य ऐकून धीर सुटतो. एआरडीएसमध्ये मात्र 'आहे तशीच' याचा अर्थ अनेकदा एवढाच असतो की पेशींना आणखी एक दिवस मिळाला. आणि आजच्या घडीला डॉक्टरांकडे त्यांना देण्यासारखं सगळ्यात मोठं औषध तेच आहे.